परवाना तीन जनावरांचा

बावधनच्या जुन्या गावठाणात मी काही वर्षं भाड्याने राहिलो. खोली पहिल्या मजल्यावर होती आणि तिची एकुलती एक खिडकी गोठ्यावर उघडत होती. आसपासच्या खोल्यांपेक्षा भाडं कमी होतं, त्याचं कारण ती खिडकीच. घरमालकांना सगळे आबा म्हणत. खोली दाखवताना त्यांनी हे आधीच सांगून टाकलं होतं. "वास येतो. माश्या येत्यात. पहाटं म्हशी वरडत्यात. मागनं तक्रार केलेली चालायची न्हाई."

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करत असे. काम दुपारनंतरचं होतं, त्यामुळे सकाळी घरीच असायचो. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बहुतेक खिडकीतून पाहिलेलं किंवा गोठ्याच्या दारात उभं राहून ऐकलेलं आहे.

गोठा पत्र्याचा होता, खाली दगडी फरशी. तिन्ही बाजूंना उंच इमारती होत्या आणि त्या सगळ्या या घराच्या जुन्या शेतात उभ्या होत्या. शेत तुकड्या-तुकड्याने विकलं गेलं. राहिलं ते राहतं घर, भाड्याच्या चार खोल्या आणि हा गोठा. रस्त्याच्या कडेची तेवढीच जागा अजून बांधायची राहिली होती. आबांचा मुलगा पिरंगुटला एका कारखान्यात कामाला होता. त्याला तिथे दोन मजली खोल्या आणि खाली गाड्या लावायची जागा करायची होती. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. भाड्याने राहायला येणाऱ्यांची रांग लागलेली होती आणि दूध काही वाढत नव्हतं.

आबांनी एकदाच काय ते सांगितलं होतं आणि घरात ते सर्वांना पाठ होतं. "दावणीला जनावर हाय तवर ही जागा मोडायची न्हाई. दावण रिकामी झाली की मग तुमचं तुमी बगा."

गोठा चालवत होती ती सून, याच मुलाची बायको. मी तिला वहिनी म्हणायचो. ती मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातली. लग्नात तिच्या वडिलांनी आंदण म्हणून एक म्हैस दिली होती. ती म्हैस कधीच गेली होती, पण दावणीची बहुतेक जनावरं तिच्याच वंशातली. धारा काढणं, वैरण, पेंड, शेण, मग किटल्या घेऊन इमारतींमध्ये दुधाचा रतीब घालणं, हे सगळं ती एकटी करायची. दुधाचे पैसे तिच्याकडेच राहत. खोल्यांचं भाडं नवरा घेई, जमिनीचे पैसे नवऱ्याने आणि त्याच्या भावांनी वाटून घेतले होते. एकदा दारातच खोल्यांचा विषय निघाला तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, "खोल्या तुमच्या हुतील. मग मी काय करू? जिनं झाडू?" नवरा हसला होता. ती हसली नव्हती.

दंडाची सुरुवात धुरापासून झाली.

संध्याकाळी धारेच्या आधी गोठ्यात धूर करायची पद्धत होती. घमेल्यात शेणी पेटवायच्या, वर निरगुडीचा ओला पाला टाकायचा. डास उठून जात आणि म्हशी शांत उभ्या राहत. मागच्या बाजूला नवी इमारत झाली, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी या धुराचा फोटो काढून पालिकेकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. तिशीतला, सभ्य, पायात बूट असूनही शेणातून न कचरता चालणारा माणूस.

"ताई, धूर कशाचा करता?"

"डासांचा."

"उघड्यावर जाळायला बंदी आहे. दंड करावा लागेल."

"मग डासांचं काय करू?"

"आम्ही फवारणी करतो ना. गाडी येते."

"ती धूर सोडत येती ती? तुमचा धूर चालतो व्हय?"

"तो औषधाचा असतो."

"माझा बी औषधाचाच हाय. पाला दाखवू?"

निरीक्षक हसला आणि पावती फाडली. धूर बंद झाला. डास वाढले. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण निघाले तेव्हा त्याच इमारतीतून गोठ्यात डास होतात अशी तक्रार गेली. या वेळी दुसरी पावती फाटली, ती गोठ्याच्या पत्र्यावर टाकलेल्या जुन्या टायरात साचलेल्या पाण्याची. वारा सुटला की पत्रा उडू नये म्हणून ते टायर वर ठेवलेले होते. वहिनीने टायर काढून दगड ठेवले. दोन्ही पावत्या नियमाप्रमाणे होत्या. त्यांच्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. "रस्त्यावर र्‍हायचं म्हनल्यावर हे आलंच," एवढंच म्हणाली.

त्यानंतर गोठ्यांबद्दलचा आदेश निघाला. तो गोठे बंद करण्यासाठी नव्हता, हे नोंदवायला हवं. पालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांमधले जुने गोठे कायम ठेवायचे, त्यांना परवाना द्यायचा, आहेत तेवढ्या जनावरांच्या कानात बिल्ला मारायचा, आणि नव्याने जनावर आणू द्यायचं नाही, असं त्याचं स्वरूप होतं. त्याची बातमी आमच्या पानावर आतल्या बाजूला एका स्तंभात लागली. मथळा मीच दिला होता: 'जुन्या गोठ्यांना दिलासा'.

मोजणीला तोच निरीक्षक आला. सकाळची वेळ होती. दावणीची सात जनावरं, पैकी चार घेऊन वहिनी टेकडीकडे चारायला गेली होती. गोठ्यात तीन होती. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी खाली पाणी भरत होतो.

"बाबा, जनावरं किती तुमची?"

"हायेत की."

"आहेत हो. पण किती?"

"आसतील तीन-चार. देवाची हायेत."

"तीन की चार?"

आबांनी तंबाखू तोंडात टाकली. "तीन धरा."

"नक्की ना? बाहेर वगैरे गेलीत का अजून? एकदा आकडा गेला की मला बदलता येत नाही."

"तीन म्हनलं की. किती येळा इचारनार?"

निरीक्षकाने गोठ्यात डोकावून पाहिलं. तीन म्हशी उभ्या होत्या. त्याने मोबाईलमध्ये आकडा टाकला, आबांचा अंगठा घेतला आणि पुढच्या गल्लीत गेला.

त्या घरात जनावरांचा आकडा परक्याला सांगत नसत. दृष्ट लागते. दूध किती निघतं हेही विचारलं तर कमी करून सांगत. गावात ते कुणी खोटं धरत नसे, कारण विचारणाराही स्वतःच्या घरी तेच करत असे. तीन म्हटलं की ऐकणारा मनात समजून घेई. आबांनी बाजारात, सोयऱ्यांमध्ये, पतपेढीत, सगळीकडे आयुष्यभर असंच उत्तर दिलं होतं आणि त्यापायी त्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं.

थोड्या वेळाने वहिनी चार जनावरं घेऊन आली.

"मामा, कोन आलंतं?" सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"मोजनीवालं."

"मग?"

"तीन सांगितली."

"बरं केलं," ती म्हणाली आणि जनावरं बांधायला आत गेली.

मीही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही घडलं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

परवाना पावसाळा संपल्यावर आला. मुलगा पाळीवरून परतला होता, त्याने ओट्यावर उभ्या उभ्या वाचून दाखवला. परवाना मंजूर. जनावरांची संख्या तीन. तिन्हींना बिल्ले मारले जातील. बिल्ला नसलेलं जनावर हद्दीत आढळल्यास दर जनावरामागे दंड, पुन्हा आढळल्यास जनावर जप्त.

वहिनीने विचारलं, "कुटल्या तीन?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मुलगा म्हणाला, "आबा, सात सांगितली आसती तर काय झालं आसतं?"

"तू नको आकडा काढू तोंडातनं."

"आता काय राह्यलंय काढायचं? त्यांनी लिहून दिलंय."

"त्यांनी लिवलंय. आपन न्हाई."

पुढच्या आठवड्यात ते तिघं पालिकेच्या कार्यालयात गेले. अर्ज मी लिहून दिला होता, म्हणून वहिनीने मलाही बरोबर घेतलं. अधिकारी मध्यमवयीन होते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे मोजणीच्या दिवशी तुम्ही खोटी माहिती दिली."

"खोटी न्हाई सायब," वहिनी म्हणाली. "आमच्यात आकडा सांगत न्हाईत."

"मग माणसांच्या मोजणीला काय सांगता?"

"मानसांचा सांगतो की. मानसाला कुनाची नजर लागतीया?"

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. अधिकाऱ्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"बरं, आता तरी सांगा. एकूण किती आहेत?"

आबा खिडकीबाहेर पाहत राहिले. अधिकाऱ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"तीन, आनि वरच्या," ती म्हणाली.

"वरच्या किती?"

"तुमीच या की मोजायला. आमी आडवतो व्हय?"

"ताई, मी तुमच्या बाजूने लिहायला बसलोय. आकड्याशिवाय काय लिहू?"

शेवटी मुलगा म्हणाला, "सात हायेत." आबा उठले आणि बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले.

अधिकाऱ्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं, मग पेन खाली ठेवून सांगितलं ते असं: मोजणीची मुदत संपली आहे. वाढीव संख्या देण्याचा अधिकार त्यांना नाही. वर अपील करता येईल, पण वरचे लोक मोजणीतला आकडा आणि त्याखालचा अंगठा बघतील. एका गोठ्याला वाढवून दिलं तर ज्यांनी मोजणीनंतर जनावरं आणली तेही हेच सांगत येतील. "खरं सांगू का, तुमच्यासारखे बरेच आलेत. सगळ्यांनी कमीच सांगितलंय. एकाने जास्त सांगितलेलं नाही."

अपील केलं. उत्तर तेच आलं, भाषा जरा जड होती.

कार्यालयातून आल्यावर आबांनी सात हा आकडा उच्चारला गेला म्हणून मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन प्रत्येक म्हशीवरून उतरवल्या. त्या टाकल्या मात्र घरातल्या चुलीत. गोठ्यात धूर करायची बंदी त्यांच्या लक्षात होती.

बिल्ले मारायला जनावरांचा डॉक्टर आला त्या दिवशी वहिनीला निवड करायची होती. दुधावर दोन म्हशी होत्या. एक गाभण होती, थोड्याच दिवसांत व्यायची. एक भाकड, तीही गाभण पण अजून बराच अवकाश असलेली. एक म्हातारी, आंदणाच्या म्हशीची थेट लेक. आणि दोन पारड्या, वाढत्या अंगाच्या. वहिनी दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"लवकर सांगा ताई, अजून पाच गोठे आहेत," डॉक्टर म्हणाला.

"पारड्या ठेवल्या तर पुढं चालंल. पन तवर रतीब कशाचा घालू? दुधाच्या ठेवल्या तर आज चालंल." मग तिने विचारलं, "ही म्हस म्हातारी झाली, आटली, तर हिचा बिल्ला हिच्या पारडीला घालता येतो का?"

"नाही. जनावर गेलं की त्याचा नंबर रद्द."

"आन् ही व्याली तर?"

"रेडकू दूध पितं तोवर ठेवा. दूध तोडलं की हद्दीबाहेर."

"म्हंजे ह्या तिघी हायेत तवर गोठा."

"तसंच."

"मग तसं सांगायचं की सरळ. परवाना कशाला म्हनायचं?"

डॉक्टरने बिल्ल्यांची पेटी उघडली. दुधावरच्या दोन आणि व्यायला आलेली एक, अशा तिघींच्या कानांत पिवळे बिल्ले लागले.

म्हशीचा गोठा चालतो तो पारड्यांवर. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, काही वेतांनंतर थकते, तोवर तिची पारडी तयार होते. परवान्यात पारडीला जागा नव्हती. नियम करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं होतं की त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे मला कळू शकलं नाही. जुने गोठे हळूहळू आपोआप संपावेत असा विचार असेल तर तो व्यवस्थित केलेला होता.

दोन पारड्या बाजारात विकल्या. भाकड म्हैस आणि म्हातारी पिरंगुटपलीकडे भरे गावी गेल्या. वहिनीची नणंद तिथे दिलेली होती. तिच्याकडे थोडी शेती होती आणि गोठा मोकळा होता. ठरलं ते असं, की वैरण-पाणी नणंदेने बघायचं, म्हैस व्याली की दूध दोघींनी वाटून घ्यायचं.

महिन्याभरात म्हातारी गेली. काही महिन्यांनी भाकड म्हैस तिथेच व्याली. आणि मग नवीनच अडचण झाली. म्हैस नणंदेला पान्हा सोडेना. रेडकू लावलं, पेंड ठेवली, नणंदेने वहिनीचं जुनं लुगडं मागवून ते नेसून पाहिलं. म्हैस लाथा झाडी. वहिनी गेली आणि पाठीवर हात ठेवला की धार लागे.

त्यामुळे वहिनी रोज भऱ्याला जाऊ लागली. पहाटे घरच्या धारा काढायच्या, पहिल्या बसने पिरंगुट, तिथून मिळेल त्या वाहनाने भरे, धार काढून किटली घेऊन परत. वाटेत भूगावात गाड्या अडकायच्या. इमारतींमध्ये दूध पोहोचायला उशीर होऊ लागला. एकदा मी पिरंगुटहून त्याच बसमध्ये होतो. कंडक्टर तिला ओळखत होता.

"आली का वहिनी कंपनीतनं?"

"आले बाबा. साहेबीन हाय मी तिथली. एकच कामगार, त्यो बी लाथा मारतो."

"किटली मांडीवर घ्या, सांडंल."

"सांडू दे. तशी बी आता कोन घेतंय."

तिचं म्हणणं खरं होतं. उशिरा येणारं दूध इमारतींतल्या लोकांना नको होतं. मुलांच्या शाळेच्या बस सातला निघत. एकेका घरातून मोबाईलवर 'उद्यापासून दूध नको' असा निरोप येई. तो निरोप ती मला दाखवायची आणि मी वाचायचो. पुष्कळांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलेलं असे.

एका रविवारी नणंद आली. चहा झाल्यावर तिने विषय काढला.

"वहिनी, वैरन माजी, कष्ट माजं, आन् म्हस तुजं नाव घेती. माज्या घरच्यांनी इचारलं, आपल्याला काय मिळतंय यातनं?"

"निम्मं दूध मिळतंय की."

"तू आलीस तर. यष्टी चुकली तर म्हस वरडत उभी. मी काय तितं तिला गानी म्हनू?"

"मग काय करायचं?"

"एक तर घिऊन जा, न्हाई तर माजी म्हन. माजी म्हनलीस तर तुज्याबिगर सोडंल ती, आज ना उद्या. तू यायचं बंद केल्याशिवाय ती मला वळखनार न्हाई."

घेऊन जाणं शक्य नव्हतं. वहिनीने भऱ्याला जायचं बंद केलं. पुढे नणंदेने सांगितलं, की म्हैस आठ-दहा दिवस आटल्यासारखी झाली आणि मग तिला पान्हा सोडू लागली. वहिनीने ऐकलं आणि "बरं झालं" म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

बावधनच्या गोठ्यात तीन म्हशी राहिल्या होत्या. तेवढ्यांवर गोठा काही काळ चालेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण सात जनावरांवर बेतलेल्या गोष्टी तीन जनावरांवर चालत नव्हत्या. शेणाचंच पाहा. आधी भऱ्याकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन येई आणि शेण भरून नेई. तीन म्हशींच्या शेणात टेम्पो भरेना. डिझेल परवडत नाही म्हणत तो आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने येऊ लागला आणि मग यायचाच थांबला. ढीग वाढला. स्वतःचं शेत नव्हतं, टाकायचं कुठे हा प्रश्न होता. पावसात ढीग वाहून नाल्यात गेला. नाल्यात शेण सोडल्याचा दंड पहिल्या दोन दंडांपेक्षा मोठा होता आणि वर्षात पुन्हा झाल्यास परवाना रद्द होईल असं पावतीच्या मागे छापलेलं होतं.

पावती त्याच निरीक्षकाने दिली. देताना तो वहिनीला म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी तीनदा विचारलं होतं."

"व्हय. तुमचं काय चुकलं न्हाई."

"आमच्याकडंही सांगत नाहीत आकडा. माझा आजा सांगायचा नाही. पण मला तिथं काहीतरी भरावं लागतं."

"तुमाला कळलं हुतं का मग, तीन न्हाईत म्हनून?"

निरीक्षक म्हणाला, "दावण लांब होती." पावतीवर तिची सही घेतली आणि गेला.

त्या हिवाळ्यात एक म्हैस व्याली, रेडा झाला. दूध तोडायच्या आधीच तो मेला आणि म्हशीचं दूध उतरलं. दुसरीचं वेत चुकलं, ती गाभण राहिलीच नाही. रतिबाची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. पेंडीचा खर्च दुधाच्या पैशातून निघेना तेव्हा तो नवऱ्याने खोल्यांच्या भाड्यातून दिला. त्याने ते बोलून दाखवलं नाही. वहिनीला ते जास्त लागलं असावं, कारण दुसऱ्याच महिन्यात तिने स्वतःच दलालाला बोलावलं. आबांना विचारलं नाही. आबा ओट्यावर होते, त्यांनी दलालाला ओळखलं आणि घरात जाऊन बसले.

दलालाने तिन्ही म्हशींचे कान ओढून बिल्ले पाहिले. "हे काडावं लागंल. बाजारात इचारत्यात, कुनाच्या हायेत म्हनून."

"काड," वहिनी म्हणाली. "आता ते कुनाच्याच कामाचं न्हाई."

म्हशी टेम्पोत चढेनात. शेवटी तिलाच आधी टेम्पोत चढावं लागलं. ती आत उभी राहिल्यावर एकेक मागोमाग चढली. मग ती खाली उतरली आणि फाळका लावला.

नवरा कामावरून येई, जेवे आणि अंगणात फेऱ्या घाली. आठवड्याने वहिनीच त्याला म्हणाली, "बोलवा तुमच्या त्या ठेकेदाराला." पण बांधकामाच्या परवानगीआधी गोठा बंद केल्याचा दाखला लागत होता. तो नसेल तर परवान्याचं नूतनीकरण थकलं म्हणून दरवर्षी दंड चालूच राहणार होता. दाखल्यासाठी रिकाम्या गोठ्याचा फोटो द्यायचा, आणि फोटोत परवानाधारक किंवा घरातलं मोठं माणूस उभं असायला हवं, म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्याचा फोटो कुणी देणार नाही.

आबांनी नकार दिला. वहिनी उभी राहायला तयार झाली. फोटो मी काढणार होतो. मी मोबाईल धरला तेव्हा ती म्हणाली, "थांबा दादा, जरा झाडून घेते." तिने सगळी फरशी झाडली, पाणी टाकून धुतली, कोपऱ्यातला कडबा उचलला. मग पदर सारखा करून दावणीच्या मधोमध उभी राहिली. फोटो स्वच्छ आला.

दोन दिवसांनी तो परत आला. मी कार्यालयात चौकशी केली. कारकुनाने फोटो मोठा करून दाखवला.

"खुंटे दिसतायत."

"जनावरं नाहीत ना पण."

"खुंटे आहेत म्हणजे उद्या परत बांधतील. खुंटे काढलेला फोटो द्या."

मी येऊन सांगितलं. नवऱ्याने पहार आणली. खुंटे बाभळीचे होते, फरशीच्या दोन दगडांमध्ये ठोकलेले, दोरांनी घासून मधे बारीक झालेले. पहिले दोन निघाले. बाकीचे खाली दगडात रुतले होते. त्याने ठेकेदाराच्या एका माणसाला बोलावलं. तो बिहारकडचा, तरुण. त्याने वहिनीला "दीदी, आप बाजू हो जाओ" म्हटलं आणि घण घालून एकेक खुंटा हलवून काढला. काढलेले खुंटे त्याने भिंतीशी ओळीने ठेवले. आबा आतून आले, खुंट्यांकडे पाहिलं आणि ते न मोजता परत आत गेले.

दुसरा फोटो मंजूर झाला. दाखला आला. त्यानंतरच्या सोमवारी विटांचा ट्रक आला. गल्ली अरुंद होती, ट्रक मागे घेत घेत आत आणावा लागला. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "कुटं उतरवू, वहिनी? दार मोकळं ठेवायचं का?"

वहिनी धुणं वाळत घालत होती. ती गोठ्याकडे न बघता म्हणाली, "उतरव हितंच. आता कुटं बी चालंल."